पाच दिवसांची सनद

कोल्हापुरातल्या शिवाजी पेठेच्या माणसाचा जीव कोठे गुंतला आहे हे पाहावयाचे असेल, तर शिवाजी तरुण मंडळाचा फुटबॉल सामना असेल त्या दिवशी शाहू स्टेडियमवर जावे. कुस्ती आणि फुटबॉल या दोन दैवतांपुढे क्रिकेटला या नगरीत मानकऱ्याची जागा क्वचितच मिळाली. तरीही याच कोल्हापूरने असे दोन क्रिकेटपटू दिले, की ज्यांच्या बाबतीत निवड समितीचे दप्तर पुन्हा उघडून पाहण्याचा मोह व्हावा. पहिले भाऊसाहेब निंबाळकर. 1948 च्या डिसेंबरात पुण्यास काठियावाडविरुद्ध ते नाबाद 443 वर असता प्रतिपक्षाने सामनाच सोडून दिला, ब्रॅडमनचा 452 चा विक्रम अवघ्या नऊ धावांनी राहिला, आणि एवढा पराक्रम करूनही कसोटीचे आमंत्रण त्यांना कधीच आले नाही.

दुसरे सदाशिव रावजी पाटील, जन्म 1933. त्या काळी तरुण खेळाडूने नाव काढण्याचा एक राजमार्ग म्हणजे 1935-36 पासून चालत आलेली आंतरविद्यापीठीय रोहिंटन बारिया स्पर्धा. परंतु 1880 पासूनचे राजाराम महाविद्यालय असूनही कोल्हापुरास स्वतःचे विद्यापीठ नव्हते, त्यामुळे येथील विद्यार्थ्याला परक्या शहराच्या संघात जागा मागावी लागे. पाटील पुढे आले ते रणजी सामन्यांतून. 1952-53 मध्ये महाराष्ट्राकडून खेळलेल्या पहिल्याच सामन्यात नवा चेंडू त्यांच्या हाती होता; गतविजेत्या मुंबईचा पहिला डाव 112 धावांत आटोपला आणि सामना महाराष्ट्राने 19 धावांनी जिंकला.

पुढे 2 डिसेंबर 1955 रोजी ब्रेबोर्नवर, उम्रीगरांच्या नेतृत्वाखाली, न्यूझीलंडविरुद्ध ते कसोटीत उतरले. त्या सामन्याचे सारे श्रेय मंकडांच्या 223 धावांना आणि सुभाष गुप्ते यांच्या फिरकीला गेले, आणि ते रास्तच होते. भारत एक डाव व 27 धावांनी जिंकला. मात्र दोन्ही डावांत जॉन रीडसारखा फलंदाज पाटलांनीच बाद केला, 51 धावांत दोन बळी घेतले, वर नाबाद 14 धावाही जोडल्या. एवढ्यावर ती सनद संपली. बडतर्फीचा हुकूम निघाला नाही. पुढच्या यादीत नाव नव्हते, इतकेच. फिरकीवर भिस्त ठेवणाऱ्या त्या संघात मध्यमगती गोलंदाजाचे काम चेंडूची लकाकी घालविण्यापुरते मुक्रर होते, आणि ते करणारे फडकर, रामचंद फलंदाजीही उत्तम करीत. त्याच मालिकेत आलेले सुंदरमही दोन कसोट्यांवरच थांबले. निवड समितीचा तर्क समजतो, पण एवढ्या उतावळेपणाचे समर्थन मला तरी करवत नाही.

पाटलांनी मात्र चेंडू टाकून दिला नाही. 1959 आणि 1961 मध्ये ते लँकेशायर लीगमध्ये चर्च क्लबाकडून व्यावसायिक म्हणून खेळले, आणि 36 प्रथम श्रेणी सामन्यांत 83 बळी त्यांच्या नावे जमा झाले. 1963-64 हा त्यांचा अखेरचा रणजी मोसम. त्याच्या जेमतेम वर्षभर आधी, 18 नोव्हेंबर 1962 रोजी, शिवाजी विद्यापीठ स्थापन झाले, आणि कोल्हापूरच्या महाविद्यालयीन गोलंदाजाला आपले नाव विद्यापीठाच्या यादीत घालण्यासाठी पुण्याची वाट धरण्याचे कारण उरले नाही.