सुपरचार्जरचे वंगण व इंटरकूलरमधील तेलसंचय

इंजिनात जाणारी हवा दाबून भरणारे आणि त्याच इंजिनाच्या शक्तीवर चालणारे यंत्र म्हणजे सुपरचार्जर होय. दाबल्यामुळे तापलेली हवा इंजिनात शिरण्यापूर्वी थंड करणाऱ्या साधनास इंटरकूलर म्हणतात. दीर्घकाळ वापरलेल्या मोटारगाड्यांत इंटरकूलरच्या तळाशी वंगणतेल साचलेले अनेकदा आढळते. हे तेल दिसताच सुपरचार्जर निकामी झाल्याचा समज होतो. प्रत्यक्षात त्यातील मोठा भाग बहुधा इंजिनाच्या क्रँककेसमधून आलेला असतो. त्यामुळे सुपरचार्जरला वंगण कोठून मिळते हे माहीत असल्याशिवाय तेलाच्या उगमाचे योग्य निदान करता येत नाही. एक्झॉस्ट वायूंवर चालणाऱ्या टर्बोचार्जरच्या बाबतीतही तेलसंचयाची कारणे बव्हंशी हीच असतात.

इंटरकूलरची आवश्यकता

हवा दाबली की तिचे तापमान वाढते. उन्हाळ्यात मराठवाड्यातील ४० अंश सेल्सियस तापमानाची हवा १.७ पट दाबापर्यंत नेली, तर आदर्श स्थितीतही ती सुमारे ९१ अंशांपर्यंत तापते. सुपरचार्जरची कार्यक्षमता ६० टक्के धरल्यास हे तापमान सुमारे १२५ अंशांवर जाते. गरम हवा विरळ असल्याने सिलिंडरमध्ये प्राणवायू कमी मावतो आणि पेट्रोल इंजिनात ठोके पडण्याचा, म्हणजेच नॉकिंगचा, धोका वाढतो. इंटरकूलर ही उष्णता बाहेरच्या हवेस किंवा वेगळ्या पाण्याच्या मंडलास देतो.

सुपरचार्जरचे प्रकार व वंगण

रूट्स प्रकार : अमेरिकेतील इंडियाना राज्यातील फिलँडर व फ्रान्सिस रूट्स या बंधूंच्या नावाने हा प्रकार ओळखला जातो. यात दोन रोटर परस्परांना न टेकता उलट दिशांना फिरतात. त्यांच्यातील सूक्ष्म अंतर एका टोकाला असलेले दातेरी गिअर राखतात. रोटर एकमेकांना घासत नसल्याने हवेच्या कक्षात तेल लागत नाही. ते फक्त गिअर व बेअरिंग यांना लागते. मोटारगाड्यांतील बहुतेक रूट्स सुपरचार्जरांत हे तेल गिअरपेटीतच बंदिस्त असते आणि इंजिनाच्या तेलाशी त्याचा संबंध नसतो. त्याचे प्रमाण साधारणतः पाव लिटर किंवा त्याहूनही कमी असते.

स्क्रू प्रकार : स्वीडनचे अभियंते आल्फ लिशोल्म यांच्या नावाशी जोडलेल्या या प्रकारात मळसूत्री रोटर हवेला यंत्राच्या आतच दाबतात. मोटारगाड्यांत वापरल्या जाणाऱ्या या यंत्रांतही हवेचा कक्ष कोरडा ठेवून गिअरांना स्वतंत्र वंगण दिले जाते.

केंद्रापसारी प्रकार : यात टर्बोचार्जरसारखे पंख्याचे चाक असते; मात्र ते पट्ट्याने व वेग वाढवणाऱ्या गिअरांनी फिरवले जाते. काही रचनांत तेल बंदिस्त असते. काहींत ते इंजिनाच्या दाबमंडलातून येते आणि नळीवाटे इंजिनाच्या तेलकुंडात परतते. घर्षणावर शक्ती वाहून नेणाऱ्या काही रचनांना विशिष्ट तेल, वेगळी टाकी व वेगळा तेलशीतक लागतो. अशा यंत्रात साधे इंजिन तेल घातल्यास ते खराब होते.

टर्बोचार्जरचे वंगण नेहमीच्या रचनेत इंजिनाच्या तेलावरच अवलंबून असते.

तेलाचा उगम

१. क्रँककेस वायू : पिस्टनच्या रिंगांमधून ज्वलनवायूंचा थोडा अंश खाली क्रँककेसमध्ये झिरपतो. तेथे त्यात तेलाचे सूक्ष्म तुषार मिसळतात. हा वायू वातावरणात न सोडता पुन्हा हवेच्या मार्गात वळवला जातो. सुपरचार्जर जोराने काम करत असताना इनटेक मॅनिफोल्डमधील दाब वाढतो, तेव्हा तिकडे जाणारी एकमार्गी झडप बंद होते आणि वायू सुपरचार्जरच्या अलीकडील नळीत येतो. तेथून तो सुपरचार्जरमधून इंटरकूलरमध्ये पोहोचतो. ही झडप गळकी झाली तर दाबलेली हवा उलट क्रँककेसमध्ये शिरते आणि अधिक तेल बाहेर ढकलते. झिजलेल्या रिंगा, तुंबलेला तेल-विलगक व प्रमाणाबाहेर भरलेले इंजिन तेल यांमुळेही तेलाचे प्रमाण वाढते.

२. सुपरचार्जरची सीले : फिरत्या दांड्याभोवतीचे सील झिजले किंवा उष्णतेने कडक झाले की गिअरपेटीतील तेल हवेच्या कक्षात येते. हवेचा फिल्टर धुळीने तुंबल्यास फिल्टर व सुपरचार्जर यांच्यामध्ये निर्वात वाढतो आणि चांगल्या सीलमधूनही तेल ओढले जाऊ शकते.

३. तेलपरतीचा अडथळा : इंजिनाच्या तेलावर चालणाऱ्या यंत्रात परतीची नळी वाकली, कार्बनने भरली किंवा क्रँककेसमधील दाब वाढला, तर तेल बेअरिंगभोवती साचून सीलबाहेर पडते. अशा वेळी यंत्र सदोष नसतानाही बदलले जाते आणि नव्या यंत्रातूनही पुन्हा गळती होते.

तेल इंटरकूलरमध्येच का साचते

नळीतून वेगाने जाणाऱ्या गरम हवेत तेल तुषाररूपाने तरंगत राहते. इंटरकूलरच्या रुंद टोकपेटीत व अनेक अरुंद मार्गांत हवेचा वेग कमी होतो, ती थंड होते आणि तुषार पृष्ठभागांवर आपटून थेंब बनतात. हे थेंब सर्वांत खालच्या भागात ओघळतात. थोडक्यात, इंटरकूलर हा नकळत तेल-विलगकाचेही काम करतो. त्यामुळे आतल्या भिंतींवरील पातळ थर हे बिघाडाचे लक्षण नव्हे. तळाशी साचलेले व ओतता येईल इतके तेल मात्र तपासणीची गरज दर्शवते.

परिणाम

तेलाचा थर उष्णतेच्या वहनात अडथळा आणतो आणि इंटरकूलरची क्षमता घटते. तेलास न टिकणाऱ्या रबरी नळ्या फुगतात, मऊ होतात व दाबाखाली निसटतात. पेट्रोल इंजिनात हवेबरोबर गेलेले तेल मिश्रणाची नॉकिंग-प्रतिरोधक क्षमता कमी करते. थेट सिलिंडरमध्ये इंधन फवारणाऱ्या इंजिनात इनटेक झडपांवर इंधनाचा शिडकावा होत नाही, म्हणून त्यांवर तेलापासून झालेला कार्बन जमत जातो.

सर्वांत गंभीर परिणाम डिझेल इंजिनात संभवतो. साचलेले तेल अधिक वेगाच्या वेळी एकदम ओढले गेले तर तेच इंधनाचे काम करते. इंधनपुरवठा किंवा किल्ली बंद केली तरी इंजिन थांबत नाही, त्याची गती वाढत जाते आणि ते फुटू शकते. हवेचा मार्ग पूर्ण बंद करणे, किंवा हाताने गिअर बदलण्याच्या गाडीत ब्रेक दाबून वरच्या गिअरमध्ये क्लच सोडणे, हे ते थांबवण्याचे मार्ग होत. मोठ्या प्रमाणात द्रव तेल सिलिंडरमध्ये शिरल्यास ते दाबले न गेल्याने कनेक्टिंग रॉड वाकण्याचाही धोका असतो.

निदान

तेलाचे परिमाण हा पहिला पुरावा आहे. ज्या सुपरचार्जरच्या गिअरपेटीत पाव लिटरहून कमी तेल आहे, त्यातून इंटरकूलरमध्ये अर्धा लिटर तेल येऊ शकत नाही. गिअरपेटीतील पातळी योग्य असेल तर गळतीचा उगम अन्यत्र शोधावा लागतो. दुसरा पुरावा स्थानाचा आहे. सुपरचार्जरच्या अलीकडील नळीतही तेल असेल तर ते क्रँककेसमधून आले असण्याची शक्यता अधिक असते. अलीकडील नळी कोरडी आणि पलीकडील ओली असेल तर सुपरचार्जरच्या सीलवर संशय जातो. तिसरा पुरावा रंगाचा आहे. वापरलेले इंजिन तेल काजळीने काळे पडते, तर बंदिस्त गिअरपेटीतील तेल ज्वलनवायूंच्या संपर्कात येत नाही. यांखेरीज क्रँककेसमधील दाब मोजूनही रिंगा व वायुवीजन यांची स्थिती कळते.

देखभाल

मूळ कारण दूर केल्याशिवाय केवळ इंटरकूलर धुण्याचा उपयोग तात्पुरता असतो. सफाईसाठी तो काढून उपडा ठेवतात, तेल निथळू देतात, योग्य द्रावकाने धुतात आणि पूर्ण वाळल्यावरच पुन्हा बसवतात. आत राहिलेला द्रावक इंजिनात गेल्यास धोका संभवतो. सुपरचार्जर किंवा टर्बोचार्जरचे चाक फुटले असल्यास धातूचे कण अरुंद मार्गांत अडकून राहतात, म्हणून अशा वेळी इंटरकूलर बदलणे सुरक्षित मानले जाते. क्रँककेस वायूंच्या मार्गात तेल टिपणारा डबा बसवण्याची प्रथाही आहे. तो वेळोवेळी रिकामा करावा लागतो. वायूची नळी मोकळ्या हवेत सोडणे मात्र योग्य नाही. पेट्रोल इंजिनाच्या क्रँककेसमधून वातावरणात वायू सुटू नयेत, अशी अट भारत स्टेज उत्सर्जन मानकांच्या चाचणीत आहे.

महाराष्ट्रातील संदर्भ

भारतातील प्रवासी गाड्यांत सुपरचार्जर विरळा आढळतो. त्याचे परिचित उदाहरण म्हणजे मर्सिडीज-बेंझची सी २०० काँप्रेसर ही पूर्वी पुण्यात जुळणी होत असलेली गाडी. तिच्या नावातील ‘काँप्रेसर’ हा जर्मन शब्द सुपरचार्जरचाच वाचक आहे. इंटरकूलर मात्र टर्बोचार्जर असलेल्या गाड्यांमुळे सर्वत्र पोहोचला. छत्रपती संभाजीनगर येथे क्रांती चौकातून जाणारा जालना रस्ता पूर्वेस चिकलठाण्यावरून शेंद्रा औद्योगिक वसाहतीकडे जातो. शेंद्रा येथील कारखान्यात २००१ पासून स्कोडा ऑक्टाव्हियाची जुळणी सुरू झाली आणि २००७ पासून ऑडीच्या गाड्यांचीही जुळणी होऊ लागली. १.९ लिटर टीडीआय इंजिनाची ऑक्टाव्हिया ही टर्बोचार्जर व इंटरकूलर असलेली डिझेल गाडी होती. अशा गाड्या जुन्या होत जातात तसा तेलसंचयाचा प्रश्न वाढतो. उन्हाळ्यातील उष्णता व धूळ यांमुळे हवेचा फिल्टर आणि क्रँककेस वायुवीजन यांची नियमित तपासणी या भागात विशेष महत्त्वाची ठरते. महागडे यंत्र बदलण्यापूर्वी या दोन स्वस्त भागांची तपासणी केल्यास अनावश्यक खर्च टळू शकतो.