ठोका कुणाचा, नाव कुणाचं

विसर्जनाच्या मिरवणुकीत सांगली-कराडच्या कुठल्याही चौकात उभं राहून बघा. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर बेसचे खोके थरावर थर रचलेले, मागे धडधडणारा जनरेटर, वर शार्पी दिव्यांचे झोत. हलगीचा तोडा सुरू होतो, पोरांचे हात वर जातात, आणि ठोका बसायच्या ऐन क्षणी सगळं थांबतं. एक घोगरा, मुद्दाम ताणलेला आवाज डीजेचं नाव पुकारतो. नावाला गाव जोडलेलं असतं : सांगली, कराड, विटा, फलटण. मग खोके फुटल्यासारखे वाजतात. चार मिनिटांच्या गाण्यात हे नाव पाच-सहा वेळा तरी येतं. गॅलरीतली म्हातारी माणसं कपाळाला आठ्या घालतात : गाणं कुणाचं, ठोका कुणाचा, आणि नाव कुणाचं!

माझ्याही कपाळावर बरीच वर्षं त्याच आठ्या होत्या. मग एकदा पठ्ठे बापूराव आठवले.

वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे श्रीधर कुलकर्णी, जन्म १८६६ चा. कुलकर्ण्याचा पोर तमाशात शिरला, नर्तकी पवळाबरोबर बोर्डावर उभा राहिला आणि जातीने वाळीत टाकलं तरी मागे फिरला नाही. त्यांची लावणी कुणाची आहे हे सांगायला वेगळा पुरावा लागत नाही. शेवटच्या कडव्यात नाव असतंच. याला शाहिरीत नाममुद्रा म्हणतात. ती मिरवायला असते तशी राखणीलाही असते. लावणी या फडावरून त्या फडावर जायची, ऐकून पाठ व्हायची, उचलली जायची. नाव यमकात आणि मात्रांत असं घट्ट बसवलेलं असे की ते काढायला गेलं की कडवंच मोडायचं. कुलूप आणि कडी एकाच लोखंडाची.

डीजेची पोरं नेमकं तेच करतात. रिमिक्सची फाईल एकदा व्हॉट्सअॅपवर गेली की तिला मालक उरत नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या तालुक्यातला कुणी तिच्यावर स्वतःचं नाव चढवून मोकळा होतो. म्हणून नाव अशा जागी ठेवायचं, की कापलं तर ताल तुटेल. नुसतं सुरुवातीला घेतलेलं नाव कुणीही उडवतो. ठोक्याला चिकटलेलं नाव उडवणं अवघड. रेठऱ्याचे बापूराव आज असते तर हा मुद्दा त्यांना समजावून सांगावा लागला नसता.

ही खोड एकट्या तमाशाचीही नाही. १९०२ मध्ये कलकत्त्यात गौहरजानने तबकडीवर गाऊन शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगितलं. तबकड्या तेव्हा जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जायच्या आणि तिथल्या कारागिरांना लेबलवर कुणाचं नाव घालायचं हे कळावं, म्हणून ही पद्धत पडली असं सांगतात. याच्या अगदी उलटा प्रकार जमैकात झाला. किंग्स्टनमध्ये १९५० च्या दशकात गल्लोगल्ली साउंड सिस्टीम लागायच्या आणि मालकांत चुरस असायची. आपल्याकडची भारी रेकॉर्ड कुठली हे दुसऱ्याला कळू नये, म्हणून ते तबकडीवरचं लेबलच खरवडून टाकत. तिथलाच कूल हर्क नावाचा पोरगा न्यूयॉर्कला गेला आणि १९७३ च्या ऑगस्टमध्ये त्याने ब्राँक्समधल्या एका इमारतीत जी पार्टी वाजवली, तिच्यापासून हिपहॉपची जन्मतारीख मोजतात. नाव सांगणं आणि नाव लपवणं, दोन्ही या धंद्यात पहिल्यापासून आहे.

सातारा आणि सांगली एका दमात का घेतो, असं कुणी विचारील. ती वेगळी आहेत हीच अलीकडची गोष्ट. १९४९ मध्ये साताऱ्याचे तालुके तोडून त्यांत संस्थानी मुलूख मिसळला आणि ‘दक्षिण सातारा’ जिल्हा झाला. त्याला सांगली हे नाव मिळालं १९६० मध्ये. कृष्णेला हे अजून कुणी कळवलेलं नाही. ती महाबळेश्वरहून निघते, कराडला कोयनेला भेटते आणि सांगलीच्या घाटाला लागते. गाणंबजावणंही त्याच वाटेने वाहत आलंय. इथल्या कलावंताची ओळख आडनावापेक्षा गावावर चालते. सांगलीजवळच्या कवलापूरचे लहू आणि अंकुश खाडे हे जुळे भाऊ काळू-बाळू कवलापूरकर म्हणून गाजले. ‘जहरी प्याला’ या वगातल्या त्यांच्या हवालदारांवर दोन पिढ्या हसल्या. बैठकीच्या लावणीतल्या थोर यमुनाबाई, त्या वाईकर. २०१२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा त्या नव्वदीच्या पुढे होत्या. तेव्हा एखादा पोरगा पोस्टरवर स्वतःच्या नावापुढे ‘कराड’ लावतो, तो काही नवं करत नाही. बोर्डावरची रीतच पाळतो.

सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, आणि ते इतकं म्हटलं गेलंय की शब्दाची धार गेली. ५ नोव्हेंबर १८४३, विष्णुदास भावे, ‘सीतास्वयंवर’ – हे शाळेतलं पोरही सांगतं. मला त्यातला सूत्रधार जास्त रोचक वाटतो. भाव्यांच्या खेळात पदं सगळी सूत्रधार म्हणायचा. राम, सीता, रावण आपापला आवेश करायचे आणि वेळेवर सुचेल तसं बोलायचे. रंगमंचाच्या कडेला उभा राहून सगळ्या खेळाचा दम एकाच माणसाने सांभाळायचा. ट्रॉलीच्या कोपऱ्यात एका कानाला हेडफोन लावून उभा असलेला ऑपरेटर पाहिला की मला तो सूत्रधार दिसतो. भाव्यांच्या भक्तांनी रागावू नये.

आता मिरजेला जाऊ, कारण आवाज घडवण्याचं खरं विद्यापीठ तिथे आहे. एकोणिसाव्या शतकात तलवारी-भाले पाजळणाऱ्या शिकलगारांना हत्यारांचं काम उरलं नाही. फरीदसाहेबांनी हात वाद्यांकडे वळवला, आणि एका गल्लीचं नावच पुढे सतारमेकर गल्ली झालं. भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमाकाठच्या मळ्यांतून. तो महिनोन्‌महिने वाळवायचा, भिजवायचा, कापायचा, त्यावर तुणीच्या लाकडाची दांडी चढवायची. हे सगळं झालं तरी तंबोरा मुकाच असतो. तो बोलायला लागतो जवारी काढल्यावर. कारागीर घोडीच्या माथ्यावरून कानस हलकेच फिरवतो, तार छेडतो, कान लावतो, पुन्हा फिरवतो. मग तारेखाली सुती दोरा सरकवतो. केसभर पुढे गेला तर तार दबते, केसभर मागे राहिला तर नुसती झणझणते. मधल्या एका जागी ती अचानक उघडते आणि एका तारेतून दहा स्वर निघाल्यासारखे वाटतात. ती जागा हाताला सापडायला आयुष्य जातं, असं गल्लीतली माणसं सहज बोलून जातात.

उस्ताद अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले त्याला हा कानही कारण असणार. त्यांच्या घराण्याचं नाव किराणा, म्हणजे पुन्हा गावच. १९३७ मध्ये ते दक्षिणेत प्रवासात असताना गेले. दफन मात्र मिरजेत, ख्वाजा शमना मीरांच्या दर्ग्याच्या आवारात. उरुसाला तिथे अजून गाणं होतं. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तोवर निम्मे गवय्ये मोबाइलमधला तंबोरा लावून रियाजाला बसायला लागले होते, ही गोष्ट वेगळी.

औंधची तऱ्हा या सगळ्यांहून निराळी. अंतूबुवा जोशींनी १९४० मध्ये तिथे संगीतोत्सव सुरू केला, तो गुरू शिवानंद स्वामींच्या स्मरणार्थ. त्यांचे चिरंजीव गजाननबुवा गळ्याने आणि व्हायोलिनने सारखेच मोठे. त्यांनी तो पुढे चालवला. तिथे स्वतःचं नाव पुकारायचं नसतं. गुरूचं नाव घेताना कानाची पाळी धरायची असते. डीजेच्या पोरांना गुरू विचारला तर ती हसून ‘यूट्यूब’ म्हणतात. थोडं थांबून विचारलं तर मात्र दुसरंच निघतं. कुणाचा आजा भजनी मंडळात पखवाज धरायचा, कुणाचा चुलता लग्नात बँजो वाजवायचा, कुणाच्या घरी पालीच्या खंडोबाचं जागरण असायचं. आटपाडी-जतकडच्या पोराला आरेवाडीच्या बिरोबाच्या यात्रेतला धनगरी ढोल लहानपणीच छातीत बसलेला असतो. गजी नाचणाऱ्यांच्या पावलांना लागतो तो संथ, जड ठेका कुठल्या सॉफ्टवेअरने शिकवलेला नाही. खालच्या पट्टीतल्या बेसचं या पोरांना वेड का, याचं अर्धं उत्तर मला त्या ढोलात सापडलं.

साताऱ्याकडचं मोठं नाव शाहीर साबळ्यांचं, वाईजवळच्या पसरणीचं. जन्म १९२३ चा. वाघ्या-मुरळी, गोंधळ, कोळीगीत, बाल्यानाच हे सगळं उचलून त्यांनी ‘महाराष्ट्राची लोकधारा’त एका रंगमंचावर आणलं. आजच्या भाषेत सांगायचं तर एकाच तारेत ओवलेलं मिक्स. फरक इतकाच, की त्यांच्या रंगमंचावर वाजवणारा माणूस दिसायचा.

आता एका शब्दाकडे यायला हवं. ट्रॉलीवरच्या या खोक्यांना आमच्याकडे कुणी ‘डीजे’ म्हणत नाही. ‘डॉल्बी’ म्हणतात. डॉल्बी लावली, डॉल्बी आली, डॉल्बीची सुपारी किती. रे डॉल्बी हा अमेरिकन इंजिनियर १९६३ ते ६५ मध्ये भारतातच संयुक्त राष्ट्रांचा तांत्रिक सल्लागार होता. इथून लंडनला जाऊन त्याने कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. गोंगाट घालवणाऱ्या माणसाचं नाव आम्ही जिल्ह्यातल्या सगळ्यात मोठ्या गोंगाटाला दिलं. नावाच्या बाबतीत इतका अन्याय काळू-बाळूंच्या वगातही कुणावर झाला नसेल.

आणि गोंगाट आहेच. त्याची वकिली मी करणार नाही. आमच्या खिडकीची काच एका मिरवणुकीत तडकली तेव्हा घरात तान्हं मूल होतं. मंडळाचं नाव सांगत नाही, वर्गणी अजूनही देतो. २००० सालचे नियम निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल म्हणतात आणि रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद. हे आकडे मिरवणुकीत मोठ्याने वाचून दाखवायचे म्हटले तरी कुणाला ऐकू जाणार नाहीत. पण डॉल्बीवर बंदी आली की एक गंमत होते. मंडळांना एकदम हलगीवाले आठवतात. फोन फिरतात, सुपारीचे दर चढतात, आणि दहा वर्षांपूर्वी ट्रॉलीने ज्यांना रस्त्याच्या कडेला ढकललं, ते पुन्हा मिरवणुकीच्या पुढे येतात.

हलगीवाल्याकडे नीट बघा. वाजवण्याआधी तो काटक्या-कागदाचा जाळ करतो आणि हलगी त्यावर धरतो. कडं तापतं, कातडं आवळतं. बोटाने टिचकी मारून तो ऐकतो, पुन्हा धरतो. हीसुद्धा जवारीच. मग एका हातात टिपरू, दुसऱ्यात बारीक लवलवती काडी. जाड ठोका ताल धरतो, बारीक काडी त्याच्या पोटात नक्षी भरते. शेजारी घुमकं आणि कैताळ. आज डॉल्बीवर जो ‘हलगी मिक्स’ वाजतो, त्याचा प्राण ही काडी आहे.

या माणसाला नाममुद्रा नाही. त्याचं कारण संगीतात शोधून सापडायचं नाही, गावगाड्यात सापडतं. हलगी गावकीचं काम म्हणून ज्या जातींवर आली, त्यांना बलुतं होतं, नाव नव्हतं. त्याच वाळवा तालुक्यात, वाटेगावच्या मातंग वस्तीत १९२० मध्ये अण्णाभाऊ साठे जन्मले. घरात तमाशा होता, पुढे मुंबईत कामगारांत उभं राहून त्यांनी छक्कड लिहिली आणि शेवटी स्वतःचं नाव ठणकावून घातलं. कुलकर्ण्यांच्या श्रीधरने घातलेलं नाव आणि अण्णाभाऊंनी घातलेलं नाव एकाच रीतीचं असलं, तरी दुसऱ्याचं वजन मला जास्त वाटतं.

नाव उलट्या दिशेनेही प्रवास करतं, हे सांगलीने पाहिलंय. १९३३ मध्ये सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांच्या नावावर कॉर्नरशॉप या ब्रिटिश बँडने ‘ब्रिमफुल ऑफ आशा’ हे गाणं केलं. नॉर्मन कुक या डीजेने त्याचं रिमिक्स काढलं आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये ते ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. तिकडच्या पबांतून पोरं ‘आशा’ ओरडत नाचत होती. गायिकेचा आवाज त्यात नव्हता, नाव होतं. आमच्या हलगीवाल्याचं बरोबर उलटं : आवाज आहे, नाव नाही.

गेल्या पावसाळ्यात मसूरच्या बाजूला एका डीजेच्या खोलीवर बसलो होतो. गॅरेजच्या वर पत्र्याची खोली, भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेले, एफएल स्टुडिओ उघडलेला. पोरगा दिवसा कारखान्यावर जातो, रात्री हे. त्याच्या फोल्डरमध्ये हलगीचे पन्नासेक तुकडे होते : ‘हलगी नवीन’, ‘हलगी नवीन २’, ‘हलगी यात्रा फायनल’. त्यातला एक त्याने लावला आणि आम्ही दोघंही गप्प झालो. काडी अशी काही पळत होती की त्याने हात माउसवरून काढून घेतला.

‘‘कोण वाजवतंय रे?’’

‘‘माहीत न्हाई काका. कुणीतरी पाठवलेलं. सगळ्यांकडं हाय हे.’’

तुकडा पूर्ण ऐकू म्हटलं. रिमिक्समध्ये तो आठ सेकंदच वापरतो. मूळ फाईल दीडेक मिनिटाची. शेवटचा ठोका बसल्यावर कुत्रं भुंकतं, कुणीतरी मोठ्याने हसतं, आणि एक बाई लांबून हाक मारते – ‘‘आता बास करा की ओ...’’ त्यापुढे नाव येणार असं वाटतं. पहिल्या अक्षरावर फाईल संपते. आम्ही ते टोक तीनदा ऐकलं. त्याला ‘बा’ वाटलं, मला ‘मा’.