जुळले म्हणजे खरे ठरले का?

धुळ्याच्या इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळात जुने मोडी कागद वाचायला बसणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो आणि कागद कसरीने खाल्लेला असतो. अशा एखाद्या ओळीची दोन वाचने होतात आणि दोन्ही चोख बसतात. खरे कोणते, हे त्या ओळीकडे कितीही वेळ पाहून ठरत नाही. त्यासाठी दुसरा कागद लागतो. पदार्थाचे अतिपातळ थर न्यूट्रॉनने ‘वाचणाऱ्यां’पुढेही हाच पेच असतो. मी भौतिकशास्त्राचा रीतसर विद्यार्थी नाही. जळगावात घरी बसून, पुस्तके आणि संगणक यांच्या आधाराने जे समजले, ते सांगतो.

न्यूट्रॉन हा कण असला तरी तरंगासारखाही वागतो. गुळगुळीत पृष्ठभागावर तो अगदी तिरपा, अनेकदा अर्ध्या अंशाहूनही कमी कोनात सोडला, तर आरशावरच्या प्रकाशासारखा जवळजवळ पूर्ण परततो. कोन वाढवत नेला की परतणारे न्यूट्रॉन झपाट्याने घटतात, कधी दशलक्षात एकापर्यंत. मात्र ही घट सरळ नसते, तिच्यात लाटा उमटतात. थराच्या वरच्या आणि खालच्या सीमेवरून परतलेले तरंग एकमेकांत मिसळतात. रस्त्यातल्या पाण्यावर सांडलेल्या तेलात रंग दिसतात ते याच कारणाने. लाटा जवळजवळ असतील तर थर जाड, दूरदूर असतील तर पातळ. नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग, मोजायची ही फूटपट्टी आहे.

आपल्याकडे हे मोजमाप तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ‘ध्रुव’ अणुभट्टीवर होते. १०० मेगावॉट क्षमतेची ही भट्टी ८ ऑगस्ट १९८५ रोजी प्रथम कार्यान्वित झाली. तिच्यातून निघणाऱ्या न्यूट्रॉनच्या शलाकांवर विद्यापीठांतील संशोधकांनाही काम करता येते. पण न्यूट्रॉन मोजके असतात. शंभर मोजले तर दहाची, म्हणजे दहा टक्क्यांची अनिश्चितता; ती एक टक्क्यावर आणायची तर दहा हजार मोजावे लागतात. म्हणून वेळ लागतो.

आलेख हाती आला तरी त्यावरून रचना थेट काढता येत नाही. उलट्या बाजूने जावे लागते. आधी रचना कल्पायची : इतके थर, इतकी जाडी, अशी घनता, सीमांचा इतका खडबडीतपणा. (घनता म्हणजे वजनाची नव्हे, न्यूट्रॉनला परतवण्याची.) मग लायमन पॅराट यांनी १९५४ साली क्ष-किरणांसाठी मांडलेल्या पद्धतीने, तळापासून वर एकेक सीमा चढत, अशा रचनेचा आलेख कसा येईल ते काढायचे. तो मोजलेल्या आलेखाशी ताडायचा, आकडे बदलायचे, पुन्हा ताडायचे. यालाच जुळवणी म्हणतात.

माझी फजिती इथेच झाली. भाच्याने संगणकावर एक खोटी मोजणी तयार करून दिली. त्याने सिलिकॉनवर दोन थर कल्पिले होते : वरचा १२ नॅनोमीटरचा, घनता सिलिकॉनच्या एक तृतीयांश, खालचा ३० नॅनोमीटरचा, घनता दोन तृतीयांश. माझी जुळवणी इतकी सुंदर आली की मी ताबडतोब उत्तर सांगितले : वर ३०, खाली १२. तो हसला, “मामा, थर उलटा व्हयी ग्यात!”

चूक आकडेमोडीत नव्हती. त्या रचनेत घनतेच्या तीन सारख्या पायऱ्या होत्या. प्रत्येक पायरीवरून परतणारा तरंग सारखाच, आणि आलेखात उमटतात ती पायऱ्यांमधली अंतरे : १२, ३० आणि दोन्ही मिळून ४२. थर उलटे केले तरी अंतरे तीच राहतात. पूर्ण परावर्तनाच्या कडेजवळ किंचित फरक उरतो, पण मोजणीच्या अनिश्चिततेत तो सहज बुडतो. यंत्र तरंगांची तीव्रता मोजते; कोणता तरंग किती मागे-पुढे होता, ही माहिती मोजताना हरवते. आणखी एक थर घालून जुळवणी अधिक देखणी करता येते, पण तेवढ्याने सत्य जवळ येत नाही.

मग दुसरा कागद कोणता? तोच नमुना हवेऐवजी जड पाण्याला लावून पुन्हा मोजायचा. साधा हायड्रोजन आणि त्याचा जड भाऊ ड्यूटेरियम न्यूट्रॉनला विरुद्ध खुणांनी परतवतात. त्यामुळे साध्या पाण्याची ही घनता शून्याखाली, तर जड पाण्याची सिलिकॉनच्या तिपटीहून थोडी जास्त. आता वरची पायरी इतर दोघींपेक्षा खूपच मोठी होते. तिच्या शेजारचे अंतर आलेखात ठळक उमटते, आणि १२ वर की ३०, हे उघड होते. थर मात्र पाण्यात फुगणारा किंवा विरघळणारा नसावा. नाहीतर दुसरा कागद वेगळ्याच गोष्टीचा निघेल.

दोन्ही आलेखांना एकच रचना लागू पडली, तरच बोलावे. आणि ही दुसरी मोजणी शलाकेवरचा वेळ मिळण्याआधीच ठरवलेली असावी. घरी परतून जुळवणी करताना शंका आली, तर नमुना पुन्हा तुर्भ्याला न्यायला महिने जातात. तोवर प्रामाणिक माणसाने दोन्ही वाचने शेजारी-शेजारी छापावीत. मोडी वाचणारे जाणकार तेच करतात.