गरम चॉकलेटचा पेला : चव, वेळ आणि विवेक

मार्गशीर्ष सरून पौष लागला की खानदेशाची हवा पालटते. उन्हाळ्यात ४५ अंशांच्या घरात तापणाऱ्या जळगावात पहाटेचा पारा १० अंशांच्या आसपास उतरतो. पिंप्राळ्याच्या गल्ल्यांतून सकाळी शाली-स्वेटर दिसू लागतात आणि घरोघरी डिंकाचे लाडू, सुंठीचा काढा, केशर-वेलदोड्याचे दूध यांची वर्दळ सुरू होते. या जुन्या, ओळखीच्या पंगतीत अलीकडे एक नवा पाहुणा येऊन बसला आहे. कॅफेच्या फलकावर त्याचे नाव 'हॉट चॉकलेट' असे लिहिलेले असते. महाविद्यालयात जाणारी नात मोठ्या कौतुकाने त्याचे वर्णन करते, तेव्हा घरातील आजी एकच प्रश्न विचारते, "यात काय काय घालतात गं?"

प्रश्न साधा वाटतो, परंतु त्याचे उत्तर बरेच दूरवर जाते. या पेयामागे पाचशे वर्षांचा व्यापार, धर्मचर्चा, एक गाजलेला खटला आणि आपल्या जळगावशी नाते सांगणारा एक महत्त्वाचा विचार आहे.

एका शहराचा थंडीतला उत्सव

कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकूव्हर शहरात २०११ पासून दर हिवाळ्यात गरम चॉकलेटचा उत्सव भरतो. जानेवारीच्या मध्यापासून १४ फेब्रुवारीपर्यंत शहरातील अनेक कॅफे, मिठाईची व चॉकलेटची दुकाने आपापल्या खास चवीचे पेले सादर करतात. कोणी त्यात मिरची घालतो, कोणी संत्र्याची साल, तर कोणी आपल्याकडील वेलदोडा आणि केशर. लोक कुटुंबासह एका दुकानातून दुसऱ्या दुकानात चव घेत हिंडतात. पावसाळी, काळोख्या आणि मरगळलेल्या दिवसांत माणसांनी घराबाहेर पडावे आणि छोट्या व्यावसायिकांच्या गल्ल्यात चार पैसे पडावेत, असा दुहेरी लाभ त्यातून होतो.

अशी सामूहिक गोडी आपल्याला अपरिचित नाही. कोजागरीला आटवलेल्या दुधाची कढई मध्ये ठेवून सारी आळी एकत्र येते, ती याच भावनेने. पेय निमित्तमात्र असते, खरी ऊब माणसांची असते. म्हणून नव्या पिढीच्या या आवडीकडे प्रथमच नाक मुरडून पाहण्याचे कारण नाही. पाहायचे ते जाणतेपणाने, इतकेच.

जेव्हा कोको हेच चलन होते

कोकोचे झाड मूळचे अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशातील. मेक्सिकोतील अझ्टेक लोक त्याच्या भाजलेल्या बिया वाटून, पाण्यात घुसळून, मिरची वगैरे घालून कडवट, फेसाळ पेय करीत. या बिया त्यांच्याकडे सुट्या पैशांप्रमाणे चालत. १५४५ सालच्या मेक्सिकोतील एका दरपत्रकात एक मोठा टोमॅटो एका बीला मिळे, अशी नोंद आहे. बियांचे टरफल पोखरून त्यात माती भरणारे लबाड लोकही त्या काळी होते. चलन आले की खोटे चलनही येते, हा नियम तेव्हाही खरा होता.

स्पॅनिश लोकांनी हे पेय युरोपात नेले आणि त्यात साखर घातली. १६५७ मध्ये लंडनमध्ये पहिले चॉकलेटगृह निघाले. १८२८ मध्ये हॉलंडच्या व्हॅन हाउटन यांनी बियांमधील स्निग्धांश दाबून काढण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले आणि आज आपण वापरतो ती कोको पावडर शक्य झाली. खाण्याची वडी त्यानंतर, १८४७ मध्ये इंग्लंडच्या फ्राय कंपनीने केली. म्हणजे आपण ज्याला 'नवे पेय' समजतो, तेच चॉकलेटचे मूळ रूप आहे. वडी हे त्याचे धाकटे भावंड.

उपवासाला चालते का?

जैन वाचकांना विशेष रस वाटेल अशी एक गोष्ट या इतिहासात आहे. सतराव्या शतकात युरोपातील कॅथलिक धर्मपंडितांमध्ये मोठा वाद झाला : चॉकलेट प्यायल्याने उपवास मोडतो की नाही? ते द्रव आहे म्हणून चालावे, असे एका पक्षाचे म्हणणे. त्याने पोट भरते म्हणून चालू नये, असे दुसऱ्याचे. १६३६ मध्ये माद्रिद येथे अंतोनिओ दे लेऑन पिनेलो यांनी या एकाच प्रश्नावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. १६६४ मध्ये कार्डिनल ब्रांकाच्चो यांनी 'द्रवाने उपवास मोडत नाही' या बाजूने कौल दिला.

आपल्याकडे चौविहाराचे पच्चक्खाण घेणाऱ्याला हा पेच पडत नाही. अशन, पान, खादिम आणि स्वादिम या चारही आहारांचा त्यात सूर्यास्तानंतर त्याग असतो. पेय म्हणा वा खाद्य म्हणा, मर्यादा एकच. परंतु जिभेला आवडलेल्या वस्तूसाठी नियमात फट शोधण्याची माणसाची धडपड सर्व देशांत सारखीच आहे, हे या वादातून दिसते आणि थोडे हसूही येते.

दयाळू व्यापारी आणि दूरचे मळे

१८२४ मध्ये जॉन कॅडबरी यांनी बर्मिंगहॅम येथे दुकान काढून चहा, कॉफी आणि पिण्याचे चॉकलेट विकण्यास आरंभ केला. ते क्वेकर पंथाचे होते. युद्धाला विरोध, मद्याला विरोध, साधी राहणी आणि व्यवहारात सचोटी ही या लहानशा पंथाची ओळख. गरिबाने दारूऐवजी कोको प्यावा, हा त्यांच्या व्यापारामागील एक हेतू होता. फ्राय आणि राउंट्री ही चॉकलेट घराणीही क्वेकरच. बँकिंगमधील बार्कलेज आणि लॉइड्स या नावांची मुळेही क्वेकर कुटुंबांत सापडतात. अहिंसेवर श्रद्धा ठेवणारा, संख्येने अल्प, परंतु व्यापारात शब्दाला जागणारा समाज, असे हे चित्र आपल्याला ओळखीचे वाटते. कॅडबरींनी कामगारांसाठी बोर्नव्हिल हे बागांचे आणि मद्यालय नसलेले गाव वसवले.

याच घराण्यासमोर १९०१ च्या सुमारास एक अस्वस्थ करणारी बातमी आली. आफ्रिकेच्या पश्चिमेस असलेल्या पोर्तुगीजांच्या ताब्यातील साओ टोमे बेटावरील एका मळ्याच्या विक्रीपत्रकात जमीन आणि इमारती यांच्याबरोबर मजुरांचीही किंमत मालमत्ता म्हणून दाखवली होती. कागदोपत्री ते करारबद्ध कामगार, प्रत्यक्षात अंगोलातून आणलेले गुलाम. आणि कॅडबरींच्या कोकोचा फार मोठा भाग याच बेटांवरून येत होता.

कंपनीने चौकशी आरंभली, परंतु ती लांबत गेली. पत्रकार हेन्री नेव्हिन्सन यांनी स्वतः अंगोला आणि साओ टोमेला जाऊन तेथील गुलामीचे वर्णन १९०६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. कंपनीने पाठवलेल्या प्रतिनिधीचा निष्कर्षही वेगळा नव्हता. तरीही खरेदी थांबली ती मार्च १९०९ मध्ये. मधल्या काळात 'स्टँडर्ड' या वृत्तपत्राने कंपनीच्या दुटप्पीपणावर बोट ठेवले, तेव्हा कंपनीने बदनामीचा दावा लावला. डिसेंबर १९०९ मध्ये निकाल कॅडबरींच्या बाजूने लागला. नुकसानभरपाई मात्र ज्यूरीने ठरवली एक फार्दिंग, म्हणजे एका पेनीचा चौथा हिस्सा!

त्या एका फार्दिंगचा अर्थ प्रत्येक व्यापाऱ्याने समजून घ्यावा असा आहे. कायद्याच्या दृष्टीने कंपनी जिंकली होती. परंतु जे आठ वर्षे ठाऊक होते, त्यावर आठ वर्षे व्यवहार चालू राहिला, ही गोष्ट ज्यूरीच्या नजरेतून सुटली नाही. ही माणसे दुष्ट नव्हती. गरिबांविषयी त्यांना खरी कणव होती. दोष असा की दुकानातील आणि कारखान्यातील अहिंसा त्यांनी काटेकोर पाळली, पण मालाच्या उगमापर्यंत ती पोहोचायला फार उशीर झाला.

जळगावशी जुळणारा धागा

या निकालानंतर अवघ्या चार वर्षांनी, १९१३ मध्ये, दक्षिण आफ्रिकेत असलेल्या गांधीजींनी 'इंडियन ओपिनियन'मध्ये आरोग्यावर गुजराती लेखमाला लिहिली. तीत चहा, कॉफी आणि कोको या तिन्हींचा त्यांनी निषेध केला. प्रकृतीला अपाय हे एक कारण होतेच. परंतु दुसरे कारण अधिक खोल होते. ही पिके बहुतांशी गिरमिटिया मजुरांच्या श्रमातून येतात आणि कोकोच्या मळ्यांतील मजुरांचे हाल आपण डोळ्यांनी पाहिले, तर तो पिण्याची इच्छाच उरणार नाही, असा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता. पुढे १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आरोग्यावर पुन्हा लिहिले, तेव्हाही या तीन पेयांची गरज शरीराला नाही, हे मत कायम ठेवले.

जळगावच्या जैन हिल्सवर २०१२ मध्ये उभे राहिलेले 'गांधी तीर्थ' पिंप्राळ्यातील कित्येक कुटुंबांनी पाहिले असेल. बाहेरगावच्या पाहुण्यांना आपण तेथे आवर्जून नेतो. त्याच गांधीजींनी शंभर वर्षांपूर्वी एका कोकोच्या पेल्याकडे पाहून हा घास कोणाच्या हातून आला, असे विचारले होते, ही आठवण कॅफेत बसताना ठेवायला हरकत नाही.

आजची स्थिती

प्रश्न इतिहासजमा झालेला नाही. जगातील निम्म्याहून अधिक कोको आज आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांत पिकतो. शिकागो विद्यापीठाशी संलग्न संस्थेने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०१८-१९ च्या हंगामात या दोन देशांत सुमारे १५ लाख ६० हजार बालके कोकोच्या शेतीत राबत होती. मोठ्या कंपन्यांनी बालमजुरीच्या निर्मूलनाचा करार २००१ मध्येच केला होता. २०२४ मध्ये पीक घटल्याने कोकोचा भाव टनाला १०,००० डॉलरच्या वर गेला. काही वर्षांपूर्वी तो अडीच हजारांच्या आसपास असे. कॅफेतील पेला महागला, परंतु त्या प्रमाणात शेतकऱ्याची ओंजळ भरली नाही.

आशेची बाजू अशी की कोको आपल्या देशातही पिकतो. केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूत सुपारी-नारळाच्या बागांत तो आंतरपीक म्हणून घेतात. कर्नाटक-केरळच्या शेतकऱ्यांची सहकारी संस्था 'कॅम्पको' १९७३ मध्ये स्थापन झाली आणि १९८६ पासून पुत्तूर येथे तिचा स्वतःचा चॉकलेट कारखाना आहे. गेल्या काही वर्षांत भारतीय बियांपासून चॉकलेट करणारे लहान उत्पादकही पुढे आले आहेत आणि त्यांतील काही वेष्टनावर बागेचा प्रदेश नमूद करतात.

पेला हाती घेण्यापूर्वी

आजीच्या प्रश्नाचे उत्तर आता सांगता येईल. दूध, कोको किंवा वितळवलेले चॉकलेट आणि साखर, इतके घटक मूळ पेयात असतात. अडचण वरच्या सजावटीत असते. पांढऱ्या मऊ गोळ्या, म्हणजे मार्शमेलो, बहुधा जिलेटिनच्या असतात आणि जिलेटिन प्राण्यांची कातडी व हाडे यांपासून काढतात. समुद्रशैवालापासून केलेल्या शाकाहारी गोळ्याही मिळतात, म्हणून विचारून घ्यावे. सोबतच्या केक-बिस्किटात अंडे असू शकते. काही लाल रंग कोचिनील या कीटकापासून करतात व त्याचा क्रमांक 'ई १२०' असा असतो. बंद पाकिटावर हिरवा ठिपका पाहता येतो, उघड्या पेल्यावर तो नसतो. तेथे मुलांनी निःसंकोच विचारावे. विचारणारे ग्राहक वाढले की दुकानदार उत्तरे तयार ठेवतो.

वेळेचेही पाहावे. पौषात जळगावला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मित्रमंडळींचा बेत रात्री आठचा असेल, तर तो दुपारी चारचा करता येतो. चौविहार पाळणारी आजी आणि हॉट चॉकलेट आवडणारी नात एका मेजावर बसू शकतात, ती याच वेळेला.

घरी करायचे असेल तर चार पेल्यांसाठी ६०० मिलिलिटर दूध घ्यावे. तीन मोठे चमचे कोको आणि तितकीच साखर थोड्या गरम दुधात आधी नीट कालवावी, कारण कोको थेट उकळत्या दुधात टाकला की गुठळ्या होतात. मग उरलेले दूध घालून मंद आचेवर पाच मिनिटे ढवळावे. चिमूटभर मीठ, वेलदोडा आणि सुंठ घातली की त्याला खानदेशी थंडीची ओळख पटते. कोकोत कॅफिनसारखे उत्तेजक द्रव्य असते, म्हणून लहान मुलांना अर्धा पेलाच पुरे.

गांधीजींप्रमाणे कोणी हे पेय सर्वस्वी सोडले, तर तो त्याग वंदनीय आहे. कोणी ते क्वचित, मर्यादेत आणि माहिती घेऊन प्यायले, तर त्यालाही विवेकच म्हणावे लागेल. व्यापारी समाज म्हणून आपल्यावर मात्र अधिक जबाबदारी आहे. आपल्यापैकी अनेकांची किराण्याची, मिठाईची, बेकरीची दुकाने आहेत आणि नवी पिढी कॅफे काढू पाहत आहे. माल कोणत्या भावाला मिळाला याची नोंद आपण पिढ्यान्‌पिढ्या चोख ठेवत आलो. तो कोणाच्या हातून आला, यासाठीही वहीत एक रकाना असावा.