न तुटलेली पट्टी

३ जुलै १९५७. शिकागोच्या पश्चिमेकडच्या उपनगरांतली माणसं नेहमीसारखी सकाळच्या गाडीने कामावर गेली. भर दुपारी न्यायालयाची परवानगी मिळाली आणि 'शिकागो, ऑरोरा अँड एल्जिन' कंपनीने तिथल्या तिथे प्रवासी गाड्या बंद केल्या. संध्याकाळी घरी जायला गाडीच नाही! नव्या एक्स्प्रेसवेच्या बांधकामामुळे १९५३ पासूनच या विजेच्या गाड्या थेट शहरात शिरत नव्हत्या. मध्येच गाडी बदलायला कंटाळलेले प्रवासी मोटारींकडे वळले होते. १९५९ मध्ये मालगाड्याही थांबल्या, आणि मागे राहिली झुडपांनी भरत चाललेली एक लांबच लांब पट्टी.

बहुतेकांना ती पडीक जमीन वाटली. मे थिलगार्ड वॉट्स यांना तसं वाटलं नाही. मॉर्टन आर्बोरेटम या वृक्षोद्यानात त्यांनी वर्षानुवर्षं लोकांना निसर्ग शिकवला होता. वनस्पतींवरून जमिनीचा इतिहास ओळखण्याची विद्या त्यांना वनस्पतिशास्त्रज्ञ हेन्री काउल्स यांच्याकडून मिळाली होती. इलिनॉयमधली मूळ गवताळ प्रेअरी शेतीने जवळजवळ पुसून टाकली होती. ती जीव धरून होती जुन्या दफनभूमींत आणि रेल्वेच्या कडेला, कारण तिथे नांगर फिरलाच नव्हता.

वॉट्सबाईंना त्या ओसाड पट्टीत पायवाट दिसली, हाच खरा शोध. एका गावाला दुसऱ्या गावाशी जोडणारी इतकी लांब, सलग जागा वाढत्या उपनगरांत नव्याने मिळवायची, तर किती मालकांची दारं ठोठावावी लागली असती! रेल्वेने ते काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच करून ठेवलं होतं. शिवाय आगगाडीला खडा चढ झेपत नाही, म्हणून तिची वाट मुळातच सौम्य असते; म्हाताऱ्या पायांना आणि लहान मुलांच्या सायकलींना तशीच वाट हवी. पण मधला एखादा तुकडा जरी विकला गेला असता, तरी सगळं संपलं असतं. इंग्लंडमधल्या सार्वजनिक पायवाटा बाईंनी पाहिल्या होत्या. सप्टेंबर १९६३ मध्ये, वयाच्या सत्तरीत, त्यांनी 'शिकागो ट्रिब्यून'ला पत्र लिहिलं: बुलडोझर पोचण्याआधी ही पट्टी चालणाऱ्यांसाठी राखा.

पत्र वाचून माणसं जमली. १९६६ मध्ये ड्युपेज काउंटीने आपल्या हद्दीतली पट्टी त्यांना भाडेपट्ट्याने दिली आणि स्वयंसेवकांनी झुडपं तोडून वाट मोकळी केली. ती 'इलिनॉय प्रेअरी पाथ' आज सुमारे १०० किलोमीटर लांब आहे.

वॉट्सबाई १९७५ मध्ये वारल्या. १९८३ मध्ये अमेरिकी संसदेने कायद्यातच तरतूद केली, की गाड्या थांबल्या तरी रेल्वेचा पट्टा एकसंध राखता यावा, त्यावरून लोकांनी चालावं, आणि पुढे गरज पडली तर तिथेच पुन्हा रूळ टाकता यावेत. व्हरमाँट राज्यातल्या जमीनमालकांनी तिला आव्हान दिलं, पण १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. जुन्या रेल्वेमार्गांवरच्या अशा वाटांची लांबी त्या देशात आता ४०,००० किलोमीटरच्या पुढे गेली आहे.