चाकांवरच्या घरातला गॅस

घोडबंदर रोडवरच्या अनेक टॉवरमधून सिलिंडर केव्हाच हद्दपार झाला. महानगर गॅसची पाइपलाइन थेट शेगडीपर्यंत आली, नंबर लावण्याची कटकट संपली आणि गॅस ही नळाच्या पाण्यासारखी गृहीत धरायची गोष्ट झाली. याच रस्त्याने शनिवारी पहाटे गायमुखचा घाट ओलांडून, फाउंटन हॉटेलपाशी अहमदाबाद महामार्गाला लागणाऱ्या गाड्यांत हल्ली एखादी कॅम्पर व्हॅनही दिसते. टेम्पो ट्रॅव्हलरच्या सीट काढून आत पलंग, बेसिन, छोटा फ्रिज आणि दोन बर्नरची शेगडी बसवलेली असते. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आणल्यापासून या हौसेला सरकारी दरबारीही जागा मिळाली. मालिकांच्या शूटिंगमुळे व्हॅनिटी व्हॅन तर इथे सवयीच्याच झाल्या आहेत, आणि संध्याकाळचे फूड ट्रकही. घरातून गेलेला सिलिंडर या गाड्यांमध्ये मात्र परत येतो. येताना तो वेगळा गॅस घेऊन येतो, हे पाइपच्या गॅसची सवय झालेल्या माणसाच्या चटकन लक्षात येत नाही.

पाइपमधून येणारा गॅस म्हणजे मुख्यतः मिथेन. तो हवेपेक्षा हलका, साधारण निम्म्या वजनाचा. गळाला तर वर चढतो आणि उघड्या खिडकीतून बराचसा निघून जातो. सिलिंडरमधला एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेनचे मिश्रण. त्याची वाफ हवेच्या दीड ते दोन पट जड असते. ती खाली उतरते, जमिनीवर पसरते, पलंगाखालच्या कप्प्यात शिरते आणि तिथेच बसून राहते. वरची खिडकी सताड उघडी असली तरी तिला बाहेर पडायला वाट नसते.

थोडा हिशेब करून पाहू. पाच मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच अशा व्हॅनच्या पोटात २० घनमीटर हवा मावते. एलपीजीचे हवेतले प्रमाण सुमारे दोन टक्क्यांवर गेले की ठिणगी पडताच ते मिश्रण पेटते. संपूर्ण व्हॅनसाठी दोन टक्के म्हणजे ४०० लिटर वाफ. द्रवरूप एलपीजीच्या एका लिटरपासून जवळपास २५० लिटर वाफ होते, म्हणजे दीड-पावणेदोन लिटर द्रव पुरेसा झाला. पण हा गॅस सगळीकडे सारखा पसरतच नाही. तळाच्या फूट-सव्वा फुटातच साचला, तर पाव लिटरहून थोडा जास्त द्रवही पुरतो. एक मोठा पेला. पाच किलोच्या छोट्या सिलिंडरमध्ये असे तीसएक पेले असतात.

म्हणूनच गॅस गळती ओळखणारे यंत्र घरात पाइपच्या गॅससाठी छताजवळ लावतात, आणि गाडीत एलपीजीसाठी ते फरशीलगत लावावे लागते. घरचे यंत्र काढून गाडीत वर टांगले तर ते तोंड बंद करून बसेल आणि खाली गॅस साचत राहील.

शेगडीचेही तेच. पाइपचा गॅस आल्यावर जुनी शेगडी टाकून देणे अनेकांच्या जिवावर येते. ती काही काळ पाइपच्या गॅसवर चालते, मग माळ्यावर जाते आणि व्हॅन घेतल्यावर खाली उतरते. पण मधल्या काळात पाइपच्या गॅससाठी तिच्या बर्नरच्या जेट बदललेल्या असतात. मिथेनच्या एका घनमीटरपेक्षा एलपीजीच्या एका घनमीटरमध्ये अडीच-तीन पट उष्णता असते. त्यामुळे मिथेनच्या जेटचे छिद्र मोठे ठेवावे लागते. त्या मोठ्या छिद्रातून एलपीजी सोडला की गॅस जास्त आणि हवा कमी, अशी ज्वाला मिळते. ती पिवळी, लांब आणि काजळी धरणारी असते, आणि तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. भांड्याचे बूड काळे होऊ लागले तर भांड्याला नव्हे, शेगडीला दोष द्यावा आणि जेट बदलून घ्यावी.

बंद डब्यात गॅस पेटवण्याचे परिणाम काय होतात, हे देशाने २६ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे मदुराईत पाहिले. लखनऊहून यात्रेला निघालेल्या प्रवाशांचा खासगी पर्यटन डबा स्थानकाजवळच्या यार्डात उभा होता. कुणीतरी लपवून आणलेल्या सिलिंडरवर चहाची तयारी सुरू झाली, आग लागली आणि नऊ जण गेले. रेल्वेत सिलिंडर नेणे गुन्हाच आहे. पण तो डबा एका अर्थाने मुक्कामाची गाडीच होता. लोक त्यात झोपत होते, सामान रचलेले होते, जागा अरुंद होती आणि स्वयंपाकाची जागा कुणी आखलेली नव्हती. ही सगळी परिस्थिती हौशीने बनवलेल्या व्हॅनमध्ये जशीच्या तशी असू शकते.

पण खरा धोका शेगडीपाशी नसतो. तो सिलिंडर भरण्यापाशी असतो, आणि याच बाबतीत सर्वांत जास्त निष्काळजीपणा होतो.

घरगुती लाल सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच सिलिंडरमध्ये पाणी भरायचे झाले तर ३३.३ लिटर मावते. एलपीजीचा द्रव पाण्याच्या जेमतेम ५५ टक्के वजनाचा असतो, त्यामुळे १४.२ किलो द्रवाला साधारण २६ लिटर जागा लागते. म्हणजे सिलिंडर ७८ टक्केच भरलेला असतो. उरलेली जागा मुद्दाम रिकामी ठेवलेली आहे. उन्हात तापला की हा द्रव पाण्याच्या कितीतरी पट फुगतो, तापमान दहा अंशांनी वाढले तर दोन टक्क्यांच्या आसपास. वर वाफेची पोकळी असेल तर तो तिच्यात सामावतो. पोकळीच नसेल तर फुगणारा द्रव थेट पोलादावर जोर लावतो. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे शेवटी पोलादच हार मानते. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीच्या आतले तापमान सहज पन्नाशीच्या पुढे जाते, हे इथे लक्षात ठेवावे.

बॉटलिंग प्लांटमध्ये सिलिंडर वजन करूनच भरतात, ते याचसाठी. रिकाम्या सिलिंडरचे वजन त्याच्यावर कोरलेले असते, भरलेला किती व्हायला हवा हे ठरलेले असते. आता कुठल्याशा गाळ्यात चालणारे बेकायदा रिफिलिंग आठवा. मोठा सिलिंडर उलटा धरतात, नळी जोडतात आणि द्रव छोट्या सिलिंडरमध्ये उतरवतात. घाई असली तर मोठा सिलिंडर गरम पाण्यात ठेवून दाब वाढवतात. ना काटा, ना मोकळ्या जागेचा हिशेब. नळी काढताना उडालेला द्रव तिथेच जमिनीवर वाफ होऊन पसरतो, आणि शेजारी कुणीतरी मोटर चालू करतो. पोलिसांचे छापे पडतात, गुन्हे दाखल होतात. तरी चार पैसे वाचतात म्हणून गिऱ्हाईक येतच राहते. व्हॅनवाल्याने त्या रांगेत उभे राहू नये, ही कळकळीची विनंती आहे.

जास्त भरलेली टाकी काय करते, याचे सर्वांत भीषण उदाहरण नेमके कॅराव्हॅन घेऊन आलेल्या सुट्टीकरांचेच आहे. ११ जुलै १९७८ रोजी स्पेनच्या किनाऱ्यावर लॉस अल्फाकेस या कॅम्पिंगच्या मैदानालगत एक टँकर फुटला. त्यात एलपीजीचाच भाऊबंद असलेला द्रवरूप प्रोपिलीन होता. टाकीची मर्यादा १९ टनांच्या आसपास, आणि आत भरला होता २३ टनांहून अधिक. जादा दाब बाहेर सोडणारी झडपही नव्हती. भर दुपारी, तंबू आणि कॅराव्हॅनच्या गर्दीत आगीचा लोळ उठला. दोनशेहून अधिक माणसे मेली.

दुसरे उदाहरण चालत्या स्वयंपाकघराचे. १ जुलै २०१४ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या रस्त्यावर एका फूड ट्रकचा प्रोपेन सिलिंडर गळला, गॅस पेटला आणि ट्रक चालवणाऱ्या मायलेकींचा अंत झाला. त्या सिलिंडरची तपासणीची मुदत उलटलेली होती आणि तरीही तो भरून दिला गेला होता.

मुदत आपल्याकडच्या सिलिंडरवरही असते, फक्त ती वाचायची सवय नसते. वरच्या कड्याला आधार देणाऱ्या पट्ट्यांपैकी एकीच्या आतल्या बाजूला एक अक्षर आणि दोन आकडे रंगवलेले असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर आणि डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. पुढचे दोन आकडे वर्षाचे. ‘बी २८’ लिहिले असेल तर जून २०२८ पर्यंत त्या सिलिंडरची पुन्हा चाचणी व्हायला हवी. मुदत टळलेला सिलिंडर दारातच परत करावा.

मग व्हॅनने गॅस कसा घ्यायचा? भारतात सरळ उत्तर एकच आहे: भरून घ्यायचा नाही, बदलून घ्यायचा. पाच किलोचा ‘छोटू’सारखा सिलिंडर ओळखपत्र दाखवून वितरकाकडे किंवा काही पेट्रोल पंपांवर मिळतो आणि रिकामा देऊन भरलेला घेता येतो. फायबरच्या कम्पोझिट सिलिंडरचा गाडीत आणखी एक उपयोग आहे. तो अर्धपारदर्शक असल्यामुळे आतली द्रवाची पातळी उजेडात दिसते, वजनालाही तो हलका. युरोपातल्या मोटरहोममध्ये गाडीलाच टाकी बसवलेली असते. ८० टक्के भरताच आतला तरंगता गोळा झडप बंद करतो आणि मालक पंपावर जाऊन भरून घेतो. आपल्याकडच्या ऑटो एलपीजीच्या टाक्यांतही ८० टक्क्यांची हीच सोय आहे. पण ती टाकी इंजिनाची. ऑटो एलपीजीच्या पंपावर सुटा सिलिंडर भरणे बेकायदा आहे. परदेशातून आणलेला सिलिंडरही नागपूरला मुख्यालय असलेल्या पेसो या केंद्रीय संस्थेच्या मान्यतेशिवाय इथे भरता येत नाही. विदेशी व्हॅनची नळी देशी व्हॉल्व्हला बसवण्यासाठी बाजारात मिळणारे जुगाडू जोड तर हातातही घेऊ नयेत.

सिलिंडर गाडीत बसवायचा तो उभाच. आडवा पडला की व्हॉल्व्हपर्यंत वाफेऐवजी द्रव पोहोचतो. रेग्युलेटर वाफेसाठी बनवलेला असतो, द्रव आल्यावर शेगडीवर हातभर ज्वाला उठते. सिलिंडरचे कपाट राहण्याच्या भागापासून पूर्ण बंद हवे, दार बाहेरच्या बाजूने उघडणारे हवे आणि तळाला थेट रस्त्यावर उघडणारी भोके हवीत, म्हणजे गळलेला गॅस खाली निघून जाईल. ती भोके थंडी आत येते म्हणून कापडाने बुजवणारे लोक आहेत. त्या कापडाने गॅस आत कोंडला जातो. सिलिंडर पट्ट्याने आवळलेला असावा आणि गाडी चालू असताना व्हॉल्व्ह बंद असावा. गॅसवर चालणारा फ्रिज असेल तर प्रवासात तो बॅटरीवर टाकावा आणि पेट्रोल पंपात शिरण्याआधी तर ज्वाला हमखास विझवावी.

पावसाळ्यात घोडबंदर रोडवरून गाडी नेलेल्या माणसाला खड्डे समजावून सांगायला नकोत. कापूरबावडी ते गायमुख एवढ्या टप्प्यात गाडीचा प्रत्येक नट हादरतो, आणि गॅसच्या तांब्याच्या नळीवरचे नटही त्यातलेच. घरातली जोडणी वर्षानुवर्षे जागची हलत नाही, गाडीतली रोज हलते. मुक्कामी पोहोचल्यावर व्हॉल्व्ह उघडून प्रत्येक जोडावर साबणाच्या पाण्याचा ब्रश फिरवायला पाच मिनिटेही लागत नाहीत. बुडबुडा फुगला तर तिथे गळती आहे. काडी पेटवून तपासणाऱ्यांची जात अजून नामशेष झालेली नाही, म्हणून हे मुद्दाम लिहावे लागते.

गॅस न गळताही माणूस मरतो. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोघे मृत सापडले. एसीसाठी चालू ठेवलेल्या जनरेटरचा धूर गाडीच्या तळातल्या भोकातून आत आला होता आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडने त्यांचा घास घेतला. एलपीजीची शेगडी किंवा गीझर बंद व्हॅनमध्ये हेच करू शकतो. एक किलो एलपीजी नीट जळायला सुमारे १२ घनमीटर हवा लागते आणि आपल्या व्हॅनमध्ये मुळात आहे २०. शेगडी ही खोली गरम करण्याची वस्तू नाही. थंडीत ती पेटती ठेवून झोपणे म्हणजे हवा संपवत झोपणे. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्यामुळे त्याचे वेगळे यंत्र झोपण्याच्या उंचीवर लावावेच लागते.

थंडीची आणखी एक गंमत स्पितीला किंवा लडाखला गाडी नेणाऱ्यांना भेटते. ब्युटेन शून्याच्या किंचित खाली उकळते, प्रोपेन थेट उणे ४२ अंशांना. कडाक्याच्या रात्री प्रोपेन आधी संपत जाते, ब्युटेन द्रवरूपातच पडून राहते आणि सिलिंडर जड असूनही शेगडी मंदावते. अशा वेळी सिलिंडरखाली आच धरण्याचा मोह होतो. तो आवरावा. सकाळी ऊन पडले की गॅस आपोआप येतो.

आणि कधी वास आलाच तर? एलपीजीला स्वतःचा वास नसतो, त्यात मिसळलेल्या मर्कॅप्टनचा तो उग्र वास असतो. गॅस पेटण्याच्या प्रमाणापर्यंत पोहोचण्याच्या बऱ्याच आधी नाकाला तो कळावा, अशीच त्याची मात्रा ठेवलेली असते. घरात आपण बटणाला हात लावायचा नाही हे शिकलो आहोत. गाडीत बटण दाबायलाही कुणी लागत नाही. फ्रिजचा कॉम्प्रेसर स्वतःहून सुरू होतो, आणि कुणी नळ उघडला की पाण्याचा पंप खटकन चालू होतो. त्याच्या स्विचची ठिणगी जमिनीलगतच पडते, जिथे गॅस साचलेला असतो. म्हणून नळाला हात लावायचा नाही, इंजिन सुरू करायचे नाही आणि गाडी सरकवायचा विचारही करायचा नाही. आधी सगळ्यांना बाहेर काढायचे, मागचे-पुढचे दार उघडे टाकायचे, बाहेरच्या कपाटातला व्हॉल्व्ह बंद करायचा आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाला लांब उभे राहून मगच मोबाइल काढायचा. गॅस गळतीसाठी चोवीस तास चालणारा क्रमांक १९०६ आहे.