दगड घोटणाऱ्या यंत्राची मोटर

नदीच्या पात्रांतील गोटा गुळगुळीत होण्यास किती काळ लागतो, याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं; परंतु तेंच काम घरांतल्या घरांत महिनाभरांत करणारें एक लहानसें यंत्र आहे. रबरी पिंपांत खडे, पाणी आणि कार्बोरंडमची भरड पूड घालून झांकण घट्ट लावावयाचें, आणि तें पिंप दोन फिरत्या रुळांवर आडवें ठेवावयाचें. खडे एकमेकांवर घसरतात व झिजतात. दर आठवड्यास अधिकाधिक बारीक पूड व शेवटीं झिलईची पूड घातली, म्हणजे चौथ्या आठवड्याच्या अखेरीस अकीक चमकूं लागतो. तत्त्व नवें नव्हे. खंबायतचे कारागीर अकीकाचे मणी कुरुंदाच्या पुडीसह चामड्याच्या पिशवींत भरीत, आणि दोन माणसें ती पिशवी दिवसेंदिवस एकमेकांकडे लोळवीत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत हा छंद फैलावला, तेव्हां त्या दोन माणसांची जागा विजेच्या छोट्या मोटरीनें घेतली.

चार आठवडे म्हणजे ६७२ तास. या काळांत मोटरीला रात्र नाहीं कीं सुटी नाहीं. रोज एक तास चालणाऱ्या शिवणयंत्राला इतके तास भरण्यास पावणेदोन वर्षांहून अधिक काळ लागेल. म्हणून यंत्र बिघडलें असें छांदिष्ट म्हणतो, तेव्हां बहुधा मोटर दमलेली असते, किंवा दुसऱ्या कशाचा तरी दोष तिच्या माथीं बसलेला असतो.

ही मोटर बहुधा शेडेड पोल जातीची असते. तींत कार्बनचे ब्रश नसतात, कपॅसिटर नसतो. लोखंडी पत्र्यांच्या चवडीवर तारेचें वेटोळें, ध्रुवांच्या कडेला तांब्याचीं जाड कडीं आणि मधोमध फिरणारा रोटर, एवढाच तिचा संसार. मोडण्यासारखें फारसें कांहीं नाहीं, ही तिची थोरवी. उणीव अशी कीं, तिचा आरंभींचा जोर फार थोडा असतो, आणि घेतलेल्या विजेचा बराचसा भाग नुसती उष्णता होऊन जातो. चालती मोटर हाताला गरम लागते, तेवढ्यावरून घाबरूं नये. काल सोसवत होती ती आज सोसवत नाहीं, किंवा रोगणाचा करपट वास येऊं लागला, तर मात्र प्लग तत्काळ काढावा.

रोटरचा दांडा दोन्हीं टोंकांस बुशांत फिरतो, आणि बुशांभोंवतीं तेल धरून ठेवणारा नमदा असतो. खड्यांचा एक घाणा निघाला, कीं दोन्हीं बुशांना यंत्राच्या तेलाचे एक-दोन थेंब द्यावे. अधिक दिलें तर ओघळून पट्ट्यावर जातें आणि पट्टा घसरतो. खोबरेलाचा मोह टाळावा. तें थंडींत थिजतें व पहाटे मोटर अडते. गंज सोडविण्याचे जे फवारे मिळतात, ते अडकलेला दांडा सोडविण्यापुरते ठीक. मागाहून खरें तेल दिलेंच पाहिजे.

यंत्र थांबलें, तर प्रथम प्लग काढावा, पिंप उचलून ठेवावें, पट्टा उतरवावा आणि मोटरीचा दांडा बोटानें फिरवून पाहावा. तो सहज फिरला, आणि प्लग लावल्यावर मोटर एकटी सुरळीत चालली, तर ती निर्दोष आहे. दोष ओझ्यांत शोधावा. पिंप दोनतृतीयांश ते पाऊण भरावें. तीन पौंडी यंत्र म्हणजे नुसते तीन पौंड खडे नव्हेत; पाणी व पूडहि त्यांत धरावयाची असते. मग रूळ हातानें फिरवावे. जो किरकिरतो, त्याच्या बुशांत झांकणांतून झिरपलेला गाळ शिरलेला असतो. त्या गाळांत कार्बोरंडम आहे, हें विसरूं नये. बुश पुसून स्वच्छ केल्यावरच तेल द्यावें, नाहीं तर तेलाचा व गाळाचा मिळून दांडा झिजविणारा लेपच तयार होतो. पट्टा घसरूं लागला कीं तो ताणून बसविण्याची घाई अनेकांना होते, आणि पुष्कळ मोटरींचे बुश यानेंच एका अंगाला झिजतात. बोटानें दाबला असतां पट्टा थोडा लवला पाहिजे.

दांडाच जड फिरत असेल, तर मोटरीची साफसफाई व तेल हाच उपाय. मोटर गुणगुणते पण फिरत नाहीं, याचा अर्थ वीज पोंचते आहे. बुश अडकला आहे, किंवा इतका झिजला आहे कीं रोटर बाहेरच्या लोखंडाला घांसतो. तिला तशीच गुणगुणत ठेवूं नये. मुळींच आवाज नसेल, तर आधीं भिंतींतील प्लगाची जागा, वायर व बटण तपासावें. कांहीं वेळ चालून थांबणारी आणि निवल्यावर आपोआप सुरू होणारी मोटर मेलेली नसते. तिच्यांतील उष्णतारक्षक चावी तिला वांचवीत असते. ही चावी तारेनें जोडून बाद करणारे कारागीर भेटतात. तसें कदापि करूं देऊं नये. हें यंत्र घरचीं माणसें निजलेलीं असतांना चालतें, आणि तापलेल्या वेटोळ्याला थांबविणारें दुसरें तेथें कांहीं नसतें.

खडखडाटानें झोंप मोडते म्हणून यंत्र पेटींत कोंडण्याची किंवा त्यावर गोधडी टाकण्याची युक्तीहि तितकीच घातक. कुरकुर होणारच; यंत्र गॅलरींत, पावसाचा शिंतोडा न येईल अशा मोकळ्या जागीं हलवावें.

दख्खनच्या काळ्या पाषाणांतून अकीक विपुल मिळत असल्यानें महाराष्ट्रांतहि हा छंद करतां येतो, आणि एखाद्याचा नातलग अमेरिकेहून यंत्र घेऊन येतो. तेथील वीज १२० व्होल्ट व सेकंदास ६० आवर्तनांची. येथील २३० व्होल्ट व ५० आवर्तनांची. तें यंत्र सरळ येथें जोडलें, तर मोटर पाहतां पाहतां जळते. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट उतरवितां येतात, पण आवर्तनें बदलत नाहींत. मोटर पांचषष्ठांश वेगानें फिरते, चुंबकत्वाचा भार वाढल्यानें अधिक तापते, आणि असलाच तर दांड्यावरील पंखाहि मंदावतो. एखाद्या घाण्यापुरतें हें चालेल. कायमचा उपाय म्हणजे येथील विजेची मोटर बसविणें. दांड्याची जाडी आधीं मोजावी, कारण जुनी कप्पी त्याच जाडीला बसते. पूर्वीचाच वेग हवा असेल, तर मोटरीवरील कप्पीचा व्यास पांचास सहा या प्रमाणांत वाढवावा.

वीज कांहीं तास गेली, तर आणखी एक पेंच येतो. पिंपांतील गाळ खालीं बसतो व खडे एका बाजूस दाटतात. वीज परतते, पण मोटरीचा आरंभींचा जोर त्यांना उलथण्यास पुरत नाहीं. ती गुणगुणत तापत राहते. अशा वेळीं पिंप काढून हातानें हलवावें, मोटर रिकामी सुरू करावी, आणि मग पिंप रुळांवर ठेवावें.

मोटर दुरुस्तीस गेली, तर खडे पिंपांत पडूं देऊं नयेत. चार दिवसांत गाळ सिमेंटासारखा धरतो. खडे काढून धुवावे व पाण्यांत ठेवावे. गाळ मोरींत ओतूं नये, नळी बुजते. बागेंत खड्डा करून पुरावा. मोटर परत आली, कीं ज्या नंबराच्या पुडीवर काम थांबलें होतें, तीच पूड नव्यानें घालून पिंप पुन्हां चढवावें.